साफ केलेली बाग महिन्याभरात पुन्हा रान का होते?

तक्रार जवळपास सगळ्यांची सारखीच असते. बरीच वर्षं कुणी हात न लावलेली बाग ताब्यात येते. उत्साहात विळा-कोयता चालवून सगळं कापलं जातं, मग कुदळीनं किंवा भाड्यानं आणलेल्या टिलरनं जमीन उलथली जाते. दोन-चार दिवस जागा देखणी दिसते. कुठली रोपं आणायची यावर घरात चर्चा चाललेली असतानाच मातीवर हिरवी लव दिसायला लागते, आणि महिन्याभरात पूर्वीपेक्षा दाट गवत उभं राहतं. पुन्हा कापणी, पुन्हा खणणी. दोन-तीन खेपा झाल्या की माणूस 'आपल्या हाताला झाडं लागत नाहीत' असं म्हणून नाद सोडतो.

हाताचा यात काही दोष नाही. जेवढी जागा सांभाळता येईल त्याच्या कितीतरी पट जागा एकदम उघडी केली, एवढंच झालेलं असतं. माती फार काळ उघडी राहत नाही. तुम्ही तिच्यावर काही लावलं नाहीत, झाकलं नाहीत, तर तण ते काम करतं. म्हणून या सगळ्या दुखण्यावरचा मुख्य उपाय असा: आज जेवढं झाकता येईल तेवढंच आज उघडायचं. मात्र झाकायचं कशानं आणि किती दिवस, हे परत येणारं तण कुठून येतंय त्यावर ठरतं. तेव्हा आधी निदान.

एक कोंब सावकाश उपटून बघा

माती ओली असताना नव्या फुटीतला एखादा कोंब खुरप्याच्या टोकानं हळूच मुळासकट वर काढा. ओढू नका, उचला. बुडाशी काय दिसतं ते महत्त्वाचं.

नुसतं बारीक पांढरं मूळ आणि वर दोन कोवळी दलं, किंवा गवत असेल तर एकच पातं, असं दिसलं तर तण बियांपासून आलंय. बुडाशी सुतळीएवढा जाड, पेरं असलेला पांढरट दोरा आडवा गेलेला दिसला तर ती हरळी किंवा तशाच जातीचं धावतं गवत. काळपट-तपकिरी गाठ हाताला लागली तर लव्हाळा. आणि फूट जुन्या लाकडी खोडाच्या बुडख्यातून येत असेल तर ते झुडूप किंवा झाड आहे, नुसतं कापलेलं, मेलेलं नाही.

बहुतेक बागांत हे चारही प्रकार एकत्र असतात, पण जोर एखाद्याचाच असतो. तीन-चार ठिकाणचे कोंब उपटून बघितले की कुणाचा ते कळतं.

हे करायला वाकण्याआधी एक गोष्ट. दाट वाढलेल्या जागेत हात घालण्यापूर्वी लांब काठीनं झुडपं हलवा, थोडं थांबा, मग पुढे सरका. साप, गांधीलमाशांची पोळी, फुटक्या बाटल्या, गंजलेल्या तारा, यांतलं काहीही आत असू शकतं. पायात उंच बूट, हातात जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. आणि धनुर्वाताची लस बरीच वर्षं घेतली नसेल तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या. गाजरगवत असेल तर उघड्या हातानं उपटू नका. त्याच्यामुळे अनेकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, काहींना दम्याचाही त्रास होतो.

बियांपासून येत असेल तर: खणणं थांबवा

हे ऐकायला उलटं वाटतं, पण खणण्यानंच तण वाढतं. जुन्या बागेच्या मातीत वर्षानुवर्षं पडलेल्या बियांचा साठा असतो. त्यातल्या फार थोड्या दरवर्षी उगवतात, बाकीच्या झोपून राहतात. किती काळ? अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1879 मध्ये तणांच्या बिया वाळूत मिसळून 20 बाटल्यांत भरल्या आणि जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरून बिया पेरायच्या, असा तो प्रयोग अजून चालू आहे. 2021 मध्ये काढलेल्या बाटलीतल्याही काही बिया उगवल्या. तेव्हा 'दोन वर्षं उपटलं की संपेल' हा हिशेब बियांच्या बाबतीत चालत नाही.

कित्येक तणांच्या बारीक बियांना उगवण्यासाठी उजेडाचा इशारा लागतो. मातीत उजेड काही मिलिमीटरपलीकडे पोचत नाही, त्यामुळे खोलवरच्या बिया गप्प असतात. तुम्ही कुदळ मारता तेव्हा त्या वर येतात. क्षणभर उजेड मिळाला तरी काहींना तेवढा पुरतो, मग त्या पुन्हा मातीआड गेल्या तरी रुजतात. टिलर फिरवल्यानंतर जी हिरवी लाट येते ती अशी.

उपाय म्हणून जमीन एकदाच, शेवटची, भुसभुशीत करा. सपाट करा. मग काहीही न लावता तिला पाणी द्या आणि दोन-तीन आठवडे थांबा. वरच्या थरातल्या बऱ्याचशा बिया उगवून येतील. त्या दोन-चार पानांच्या झाल्या की कोरड्या, उन्हाच्या दिवशी खुरपं जमिनीला जवळजवळ आडवं धरून वरचा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर थर फक्त खरवडा. कापलेली रोपं उन्हात तासाभरात माना टाकतात. सवड असेल तर हे आणखी एकदा करा. त्यानंतर रोपं लावताना रोपापुरताच खड्डा घ्या, बाकी माती हलवू नका. शेतकरी पेरणीआधी तण उगवू देऊन कुळवाची पाळी घालतात, त्याचंच हे छोटं रूप. नवशिक्याला सगळ्यांत अवघड जातं ते थांबणं. मोकळा वाफा समोर असताना हात शिवशिवतात. थांबा.

दोन तणांना उन्हाचा हा उपाय पुरत नाही. घोळ उपटून तिथंच टाकली तर तिच्या मांसल खोडात एवढं पाणी असतं की ती पडल्या पडल्या बी पिकवते, जमलं तर पुन्हा मूळही धरते. केना या तणाचंही तसंच, त्याच्या खोडाचा प्रत्येक तुकडा पेराशी रुजतो, शिवाय तो जमिनीखालीसुद्धा फुलतो आणि बी धरतो. ही दोन्ही उपटून वाफ्याबाहेर न्यायची.

हरळी: तुकडे करू नका

हरळी जमिनीवरून आणि जमिनीखालून अशी दोन्हीकडून धावते. प्रत्येक पेर म्हणजे एक नवं रोप. टिलरनं तिचे हजार तुकडे केलेत तर तुम्ही हजार रोपं लावलीत. म्हणून हरळीच्या जागी कुदळ-टिलर बंद. दातेरी फावडं असेल तर उत्तम, नसेल तर पहारीनं माती उचलून सैल करायची आणि दोरे हातानं ओढून काढायचे, शक्य तितके लांब, न तुटता. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, माती ओलसर पण चिकट नसताना हे काम निम्म्या श्रमात होतं. चिखलात करू नका. माती तुडवली जाते आणि वाळल्यावर दगड होते.

हरळीचे बहुतेक दोरे वरच्या वीतभर मातीत असतात, काही त्याखालीही जातात. सगळे निघणार नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. हरळीचं वर्म सावली आहे. तिला भरपूर ऊन लागतं. दाट सावलीत ती मरगळते. त्यामुळे राहिलेल्या दोऱ्यांवर जाड आच्छादन आणि त्यावर लवकर पसरणारी, पानांची छत्री धरणारी झाडं, हा जोडीचा मार नुसत्या खणण्यापेक्षा जास्त लागू पडतो.

तरीही कडेनं परत येतेय? मग ती बाहेरून येतेय. वाफ्याच्या कडेला फावड्याच्या रुंदीची, वीतभर खोल चर काढा आणि ती कायम मोकळी ठेवा. चरीत लोंबणारे दोरे दिसतात, ते आठवड्याला कात्रीनं छाटायचे. विटा एका रांगेत रोवून केलेली किनार दिसायला छान असते, पण हरळी विटांच्या फटीतून आरामात जाते.

लव्हाळा: इथं खरी परीक्षा

लव्हाळा ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे त्याचा फुलाचा दांडा दोन बोटांत फिरवून बघणं. गवताचा दांडा गोल असतो, लव्हाळ्याचा तीन धारांचा लागतो. पानंही तीन-तीनच्या रांगांत निघतात. बुडाशी गाठ, त्या गाठीपासून तारेसारखा धागा, पुढे दुसरी गाठ, अशी माळ जमिनीखाली पसरलेली असते. हाच नागरमोथा. जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांच्या यादीत तो बरीच वर्षं अग्रभागी आहे.

नुसता वरून उपटला की दांडा तुटतो, गाठ खाली राहते आणि आठवड्याभरात नवी पात वर येते. खणून माळ तोडली तर आणखी पंचाईत: माळ अखंड असताना टोकाकडची गाठ फुटते आणि मागच्या गाठी दबून राहतात. माळ तुटली की प्रत्येक गाठ मोकळी होते आणि स्वतंत्र फुटते. खणलेल्या वाफ्यात लव्हाळा दुप्पट झाल्यासारखा दिसतो त्याचं कारण हे आहे.

काळं प्लॅस्टिक अंथरूनही बरेच जण फसतात. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, पातळ प्लॅस्टिक तो आरपार भोकसून वर येतो.

मग करायचं काय? दोन गोष्टी, आणि दोन्हींना चिकाटी लागते. पहिली, गाठीतला साठा संपवणं. कोंब वर आला की तो गाठीतल्या अन्नावर वाढत असतो. पाच-सहा पानं होईपर्यंत तो नव्या गाठी धरायला लागतो. त्याच्या आत, म्हणजे तीन-चार पानांवर असतानाच तो काढला, तर गाठीचा खर्च होतो आणि जमा काहीच होत नाही. वाढीच्या दिवसांत दर दोन आठवड्यांनी एक फेरी, शक्य तिथं गाठीसकट. एका गाठीला फुटायला अनेक डोळे असतात, त्यामुळे सुरुवातीला काही फरक पडल्यासारखं वाटत नाही. एक पूर्ण हंगाम नेमानं केलं तर पुढच्या हंगामात कोंब विरळ आणि बारीक दिसतात.

दुसरी गोष्ट ऊन. गाठी ओलाव्यात वर्षानुवर्षं टिकतात, पण सुकल्या की मरतात. कडक उन्हाच्या दिवसांत वाफा वीतभर खोल उलथून, पाणी पूर्ण तोडून, ढेकळं अधूनमधून फिरवत ठेवली तर वरच्या थरातल्या पुष्कळ गाठी वाळून जातात. खणण्याला मी वर नाही म्हटलं, त्याला हा एकच अपवाद, आणि तोही पाऊस लांब असेल तरच. मध्येच एक सर आली तर सगळी मेहनत लव्हाळ्याच्या कामी येते.

माझं स्पष्ट मत असं की बागेच्या ज्या कोपऱ्यात लव्हाळा दाट आहे तिथं पहिल्या वर्षी भाजी किंवा नाजूक फुलझाडं लावूच नयेत. तिथं पसरट, दाट सावली धरणारं काहीतरी लावा, किंवा तो कोपरा सरळ नंतरसाठी ठेवा. लव्हाळ्यालाही सावली सोसत नाही.

बुडख्यातून फूट येत असेल तर

घाणेरी, सुबाभूळ आणि अशीच बरीच झाडंझुडपं कापली की बुडख्यातून चारपट फांद्या फुटतात. म्हणून जी मुळासकट काढायची आहेत ती जमिनीलगत कापू नका. कमरेएवढं खोड ठेवा, बुडाभोवती माती उकरून बाजूची मुळं पहारीनं किंवा कुऱ्हाडीनं तोडा आणि मग त्याच खोडाचा तरफेसारखा उपयोग करून बुडखा हलवत वर काढा. आधीच जमिनीलगत कापून ठेवलं असेल तर फूट बोटभर झाली की दर वेळी काढत राहा; उजेड पडू नये म्हणून बुडख्यावर जाड गोणपाट आणि माती टाका. काही महिन्यांत तो दमतो.

मात्र सगळी झुडपं काढण्याची घाई नको. रान वाटणाऱ्या जागेत कुणीतरी पूर्वी हौसेनं लावलेलं चांगलं झाड, जमिनीत झोपलेले कंद, वेलाखाली दडलेला गुलाब असू शकतो. ओळख पटत नसेल तर फुलेपर्यंत राहू द्या. बेसुमार वाढलेलं फुलझुडूप ठेवायचं असेल तर एका वर्षात एक तृतीयांश जुन्या फांद्या बुडापासून काढायच्या, बाकीच्या पुढच्या दोन वर्षांत. एकदम बोडकं केलं तर काही झुडपं सावरत नाहीत, आणि सावरली तरी नुसत्या सरळसोट फांद्या फेकतात.

झाकलं तरी येतंय?

बहुतेक वेळा आच्छादन पातळ असतं. दोन बोटं पालापाचोळा पसरला तर तो तणाला उबदार पांघरूण होतो. थर सात ते दहा सेंटिमीटरचा हवा, आणि पालापाचोळा कुजून बसत जातो म्हणून मध्ये भर घालावी लागते. जिथं रान दाट होतं तिथं आधी जाड पुठ्ठा अंथरा: चिकटपट्ट्या आणि पिना काढून, पाण्यानं पूर्ण भिजवून, एकावर एक वीतभर चढवून. पुठ्ठ्यांच्या जोडावर फट राहिली की तण नेमकं तिथूनच डोकं काढतं. त्यावर पालापाचोळा किंवा कुजलेलं खत. पुठ्ठा काही महिन्यांत कुजून मातीत जातो.

झाडाच्या खोडाभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर ओल धरून साल कुजते. लाकडाचा ताजा भुसा मातीत मिसळू नका. तो कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो आणि झाडं पिवळी पडतात. वर पसरला तर एवढं बिघडत नाही.

तणरोधक कापड अनेकांना कायमचा उपाय वाटतो. पहिली एक-दोन वर्षं ते काम करतं. पुढे कापडावर धूळ, पाला साचून मातीचा थर बसतो, त्यात बिया रुजतात आणि मुळं कापडातून खाली जातात. मग ते उपटताना कापड फाटून वर येतं. पायवाटेवर खडीखाली ठीक आहे, वाफ्यात मला ते नकोसं वाटतं.

ऊन कडक असेल तर आणखी एक उपाय आहे. ओली माती सपाट करून तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून, कडा मातीनं बुजवून चार ते सहा आठवडे ठेवायची. प्लॅस्टिक पारदर्शकच हवी, कारण ऊन आत जाऊन माती तापायला हवी. काळी प्लॅस्टिक स्वतः तापते, खाली उष्णता कमी पोचते. वरच्या काही सेंटिमीटरमधल्या बऱ्याच बिया यानं मरतात. लव्हाळा आणि घोळ यातूनही तगतात, हे धरून चाला. ढगाळ दिवसांत हा उपाय वाया जातो.

सगळं नीट केलं, तरीही नवीच तणं दिसतात?

मग ती तुम्हीच आणताय. अर्धवट कुजलेलं शेणखत हा मोठा मार्ग आहे. गुरांच्या पोटातून कित्येक बिया शाबूत बाहेर पडतात. खत काळं, मोकळं, मातीसारख्या वासाचं झालेलं हवं. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाच्या पिशवीत आंबुशी आणि लव्हाळा हमखास असतात. आंबुशीची बोंडं फुटून बिया लांब उडतात. लावण्याआधी पिशवीतली वरची दोन बोटं माती खरवडून काढा आणि गाठ दिसते का बघा.

उपटलेल्या तणाचा ढीग हाही तसाच मार्ग. बी न धरलेलं साधं तण खतखड्ड्यात खुशाल टाका. हरळीचे दोरे, लव्हाळ्याच्या गाठी आणि बी पिकलेलं काहीही थेट टाकू नका. ढीग आतून 55-60 अंशांपर्यंत तापला आणि अधूनमधून उलथला गेला तर बिया मरतात, पण घरगुती छोटा ढीग तेवढा तापत नाही. दोरे-गाठी फरशीवर किंवा पत्र्यावर कुरकुरीत होईपर्यंत वाळवा, मग खड्ड्यात टाका. ढीग पेटवू नका. धुरानं डोळे-छाती धरते, आणि विषारी झुडपांचा धूर फारच वाईट.

मीठ टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तण जाईल, पण पुढे तिथं तुमचंही काही येणार नाही. व्हिनेगर वरची पानं जाळतं. बियांपासून आलेल्या कोवळ्या तणावर चालतं, गाठी-दोऱ्यांवर नाही. तणनाशकाचा फवारा वाऱ्यानं शेजारच्या झाडांवर जातो आणि ठेवायचं काय, काढायचं काय हेच ज्याला अजून कळत नाही त्याच्या हातात तो नकोच.

पाण्याचाही विचार करा. पाइपनं सगळा वाफा भिजवलात तर झाडांच्या मधल्या तणालाही पाणी मिळतं. रोपाच्या बुडाशीच पाणी द्या, मधली माती कोरडी राहू द्या. खुरपणी निम्मी होते.

किती जागा उघडायची, आणि उरलेल्या रानाचं काय

पहिल्या हंगामाला एक मीटर बाय दोन मीटरचा एक वाफा पुरे. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण हरळी-लव्हाळ्याच्या जमिनीत एवढा नीट राखून दाखवणं सोपं नाही. शक्यतो दारातून दिसेल अशा, नळाजवळच्या जागी घ्या; रोज नजर पडते तिथली तणं लहान असतानाच निघतात. जागा ठरवण्याआधी हातभर खोल खड्डा काढून पाण्यानं भरा, ते मुरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच दिसलं तर तिथं निचरा नाही, उंच वाफा करावा लागेल किंवा दुसरी जागा शोधावी लागेल. ऊन किती तास पडतं तेही दिवसभरात दोन-तीनदा बघून ठेवा.

बाकीची बाग खणू नका, उघडी करू नका. तिथलं गवत फक्त फुलोरा येण्याआधी, घोट्याच्या वर कापत राहा. मुळं तशीच राहिल्यानं माती धरून ठेवली जाते, जमीन हिरवी असल्यानं नव्या बियांना उजेड मिळत नाही, आणि फुलोरा न आल्यानं बियांच्या साठ्यात भर पडत नाही. कापलेलं गवत तिथंच वाळवून वाफ्यावर आच्छादनाला वापरता येतं. दिसायला बाग अर्धवट वाटेल, येणारे-जाणारे बोलतील. बोलू द्या.

पहिल्या वाफ्यात खुरपणीची एक फेरी दहा-पंधरा मिनिटांत आटोपायला लागली की शेजारच्या पट्ट्यावर पुठ्ठा अंथरायचा. तो कुजेपर्यंत तिकडे बघायचं नाही. आणि पहिल्याच वाफ्यात अजून तासभर जात असेल, तर पुठ्ठा गुंडाळून ठेवा. या हंगामात एवढाच वाफा.